डावा बंद

महाराणी रोडवरचं हे सहावं दुकान.
ह्यांच्या खिशात चौकटीची वही, पानाच्या मधोमध
फूटपट्टीनं ओढलेली रेघ:
इकडे अकरा हजार नऊशेवाला,
तिकडे सोळावाला, सोबत वेगळा डबा.
डबा म्हणजे सबवूफर. हा शब्द ह्यांना पटत नाही.
कुत्र्याचं नाव वाटतं, म्हणतात.

चौतीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस
खरेदी करत नाही,
निविदा मागवतो.

घरी भांडण आकड्यांचं.
ह्यांना टीव्ही अडतीसवर लागतो, मला एकोणीसवर.
गणपतीत सव्वीसवर तह झाला होता,
पण जाहिराती लागल्या की खालच्या सोजतियाबाई
झाडूच्या दांड्यानं आपलं छत ठोकायच्या,
म्हणजे आमची जमीन.
मग कुणी तरी सुचवलं, साउंडबार घ्या,
संवाद स्पष्ट होतो.
संवाद स्पष्ट होतो.
मी मनात दोनदा म्हणून पाहिलं.

लोकेश नावाचा मुलगा, गळ्यातलं ओळखपत्र उलटं,
आधी काच फोडून दाखवतो, मग हेलिकॉप्टर,
मग जंगल, त्यात एक वाघ,
दोन्ही पट्ट्यांमधून तेवढाच चिडलेला.
"बास देखो अंकल, सोफा हिलेगा."
आमच्याकडे सोफा नाही, दिवाण आहे.
मी विचारते, स्वयंपाकघरातून कुणी हाक मारतं,
तसा आवाज आहे का रे?
तो हसतो.
पेन ड्राइव्हमध्ये तसलं काही नसतं.

मग ह्यांना स्टुलावर बसवून
तो एक न दिसणारा चेंडू उडवतो:
टप् डावीकडे, टप् उजवीकडे, टप् डावीकडे.
हे डोळे मिटून ऐकतात.
मान एकाच बाजूला हलते.
"ह्याचा डावा बंद आहे," म्हणतात,
आणि वहीत लिहितात.
लोकेश वायर काढतो, फुंकर मारतो, परत खोचतो.
दुसरी पट्टी.
टप्.
टप्.
"अरे, ह्याचाही!"
रेघेच्या दोन्ही बाजूंना, वळणदार अक्षरात,
डावा बंद.

मला दोन्ही डावे ऐकू येत होते. लख्ख.
लोकेशलाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मी पडद्यावर थांबलेल्या वाघाकडे.

दिवाणावर मी डावीकडे बसते.
लग्नात गुरुजींनी वामांगी म्हणून बसवलं
ती जागा सोडायची कधी गरजच पडली नाही.
कधीपासून असेल हे? चैत्रापासून?
त्याच्याही आधी?
पोह्यात मीठ कमी झालंय का, विचारलं होतं.
रेवतीच्या सासरी आपण फोन करायचा की त्यांची वाट बघायची,
ते विचारलं होतं.
एकदा रात्री दिवा मालवल्यावर
काही न विचारता नुसतीच बोलत राहिले होते, बराच वेळ.
आणि न आलेल्या उत्तराला
मी स्वभाव म्हणत गेले.

लोकेश, बावीस-तेवीसचा असेल,
काहीच न सांगता स्टूल उचलतो
आणि टीव्हीकडे पाठ करून ठेवतो.
"अंकल, ज़रा घूम के बैठो."
हे पाठमोरे बसतात. चेंडू उडतो.
आता मान दुसऱ्या टप्प्याला हलते,
मघाशी जो मेला होता त्याला.
हे डोळे उघडतात.
समोर भिंतीवर कूलर, त्यावर किमतीची चिठ्ठी.
ती वाचत असल्यासारखे बसून राहतात,
मग वही मिटतात, पेनाला टोपण लावतात.
"पुढच्या रविवारी बघू."
लोकेश हो म्हणतो. बिल करायचंय का, विचारत नाही.

बाहेर हातगाडीवर पंख्यांची पाती, वायरींची भेंडोळी,
ई-रिक्षांची किरकिर.
चालता चालता मी बाजू बदलते.
"आत ये, गाड्या आहेत."
मी येत नाही.
"सोळावाला बरा होता," मी म्हणते,
मुद्दाम हळू, एकोणीसच्याही खाली.
"पण सबवूफर?"

"आपल्याकडे कुत्रा नको,"
हे म्हणतात. लगेच.